सिद्राममामा आणि मी न वाचलेली ओळ

“शेवटी-शेवटी हात राहिला नव्हता हो अण्णांचा,” गुरुनाथशेठ शेजारी बसलेल्या पाहुण्याला सांगत होते. “त्या डॉक्टरच्या गाडीचं कंट्रोल युनिट जाळलंच की त्यांनी. तवापासनं मी गाड्या पाठवायचं बंद केलं. माणूस देवासारखा, त्यात वाद न्हाय. पण हात गेला की गेला.”

अण्णा म्हणजे माझे मामा, आणि ही त्यांच्याच शिवगणाराधनेची, मृत्यूनंतरच्या जेवणाची, पंगत होती. मी पाण्याचा जग घेऊन वाढत होते आणि नेमकी गुरुनाथशेठांच्या ग्लासापाशी वाकले होते. “बास, बास... अगं ताई, बास की!” ते म्हणाले तोवर ग्लास भरून पाणी त्यांच्या पानातल्या हुग्गीत, म्हणजे गव्हाच्या खिरीत, उतरलं होतं. मी ‘सॉरी’ म्हटलं आणि पुढच्या पानाकडे सरकले. त्या दुपारी मी तेवढा एकच शब्द बोलले. युनिट जळलं हे खरं होतं. हात गेला होता हे खोटं होतं. ते खोटं आहे हे त्या मांडवात फक्त मला आणि कदाचित मामीला ठाऊक होतं... आणि मी पाणी वाढत राहिले.

याला पाच आठवडे झाले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात मी दिवसभर निर्यातीची कागदपत्रं तपासते, म्हणजे बसूनच काम. पण हल्ली दर अर्ध्या तासाला उठते, पाण्याच्या मशीनपर्यंत जाते आणि पाणी न पिता परत येते. घरी जेवताना ताटावरून उठून गॅस बंद आहे का ते बघून येते. आई विचारते, “काय हरवलंय का तुझं?” मी मान हलवते. हे लिहितानासुद्धा दोनदा खुर्ची सोडून झाली आहे.

सिद्राममामा माझ्या आईचे थोरले भाऊ. मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कन्नड, बाहेर मराठी. होटगी रोडला त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. पत्र्याची शेड, समोर लिंबाचं झाड, झाडाखाली एक गाडी मावेल एवढी सावली. शाळा सातवीपर्यंत. एका मंगळवारी सकाळी दुकान उघडून ते पायरीवर चहा घेत बसले, छातीत जड वाटतंय म्हणाले, आणि शेजारच्या टायरवाल्यानं रिक्षात घालून दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मला ऑफिसात मामीचा फोन आला. ती कन्नडमध्येच बोलत होती, आणि मला कन्नड नीट येत नसूनही त्या दिवशी सगळं समजलं.

सोलापुरात वायरिंगवाले पुष्कळ आहेत. मामांचं नाव एका वेगळ्या कामासाठी होतं. काही महागड्या गाड्यांना स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या असतात. प्रत्येक चाकापाशी गाडीची उंची मोजणारा एक सेन्सर असतो, तो कंट्रोल युनिटला खबर देतो, आणि युनिट कॉम्प्रेसरला आणि व्हॉल्व्हना हुकूम सोडतं की या कोपऱ्यात हवा भरा, त्या कोपऱ्यातली सोडा. या साखळीत कुठे एक तार कुजली तरी लाखांची गाडी एका बाजूला कलते. मामा म्हणत, “बसक्या म्हशीगत.” मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावतात, स्कॅनर म्हणतो मागचा उजवा सेन्सर, ते सेन्सर बदलतात, गाडी आठ दिवस चालते आणि पुन्हा बसते. मग ती आमच्या लिंबाखाली यायची. तिथवर पाठवणारे बहुतेक वेळा गुरुनाथशेठच असत. त्यांचं विजापूर रोडला मोठं वर्कशॉप आहे.

मामांना कन्नड आणि मराठी वाचता यायचं. इंग्रजीतले तारांच्या रंगांचे संकेत आणि आकडे कळायचे, वाक्यं कळत नसत. आणि या गाड्यांची सगळी पुस्तकं इंग्रजीत. नववीच्या सुट्टीत एका दुपारी त्यांनी आईला फोन केला, “पोरगी इंग्लिश शाळंला घातलीस न्हवं? दे की दोन तास.” मी कुणाशी फारशी बोलत नसे. माझं मराठी ऐकून पोरं हसायची आणि इंग्रजी ऐकून नातेवाईक, त्यामुळे गप्प राहणं सोयीचं पडायचं. पण वाचायला बोलावं लागत नाही, असं मला वाटलं. मी गेले. मामांनी बॅटरीच्या खोक्यावर मला बसवलं, पुस्तकाचं पान उघडलेला मोबाइल हातात दिला. “हं, अव्वा, वाच.” अव्वा म्हणजे त्यांच्याकडे लेकीबाळींना लाडानं म्हणतात ते.

मी दोन ओळी वाचल्या आणि अर्थ सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. “आधी जसं हाय तसं वाच. मग मराठीत सांग.”

“पण मामा, तुम्हाला इंग्रजी कळत नाही ना?”

“कळत न्हाय. पर तू कुटं अडखळतीस ते कळतंय की.” आणि मग त्यांचा एकुलता एक नियम, जो त्यांनी पुढे मला शंभरदा ऐकवला असेल, “जे छापलंय ते समदं वाचायचं. गाळायचं काय ते मी ठरवनार.”

त्यांचं काम पाहणं हा एक वेगळाच अभ्यास होता. ते जोड कधीही लगेच सोडत नसत. वर्कशॉपवाले आल्याआल्या सगळे प्लग काढून बघतात, आणि प्लग काढून परत बसवला की आतला गंज थोडा घासला जातो, दोष दोन आठवडे दडी मारतो. “जोड सोडला की चोर पळाला,” मामा म्हणायचे. म्हणून ते जोड जागेवर ठेवून, मागून, तार जिथे आत शिरते तिथून, बारीक सुई सरकवायचे आणि त्या सुईवर मीटर लावायचे. मीटरवरही त्यांचा पूर्ण विश्वास नसे. एका धाग्यावर लोंबकळणारी तारसुद्धा मीटरला बारा व्होल्ट दाखवते. म्हणून हेडलाइटचा एक जुना बल्ब त्यांनी दोन चिमट्यांना जोडून ठेवला होता. बल्ब करंट ओढतो. तार कुजलेली असेल तर मिणमिणतो.

उजनीच्या फुगवट्याकाठचा एक हॉटेलवाला आपली उंची गाडी घेऊन आला तो दिवस मला पक्का आठवतो. गाडी मागून बसली होती, दोन ठिकाणी सेन्सर बदलून झाले होते, कॉम्प्रेसरसुद्धा नवा होता. मामांनी मागचं दार उघडलं आणि नाकाला टॉवेल लावला. “मासळी नेली व्हती काय यातनं?”

हॉटेलवाला चपापला. “नाही... म्हणजे, एकदा. दोनदा. बर्फाच्या पेट्या होत्या, गळत नव्हत्या.”

“गळत नव्हत्या तर गाडी कशापायी रडतीया?” मामांनी गालिचा उचलला. खाली कॉम्प्रेसरच्या अर्थिंगची तार ज्या बोल्टनं बॉडीला जोडलेली होती, तो तांबूस पोपडे धरून फुलला होता. बल्ब लावला, उदबत्तीएवढा उजेड. बोल्ट घासून घट्ट केला आणि बल्ब पुन्हा लावला, तर झाडाखालच्या सावलीत आम्हाला डोळे मिटावे लागले. इंजिन चालू केलं, आणि गाडी हळूहळू मागून उठून उभी राहिली.

“अण्णा, कपाळाला भस्म, तुम्ही तर शाकाहारी दिसता की,” तो हॉटेलवाला हसून म्हणाला, “तुम्हाला मासळीचा वास कसा कळला?”

“खात न्हाय म्हनूनच कळला. खानाऱ्याला भूक लागली असती.”

तो माणूस पोट धरून हसला. मीही हसले, मोठ्यानं... आणि मग लाजून मोबाइलमध्ये तोंड घातलं. मामांनी ते पाहिलं होतं, पण काही बोलले नाहीत. माझ्याबद्दल ते असंच वागत. मी बोलले तर ऐकायचे, गप्प राहिले तर त्याचा विषय करायचे नाहीत.

सहा वर्षं मी जात होते. सुट्टीत रोज, कॉलेज सुरू झाल्यावर शनिवारी. वायरिंगची चित्रं मला घराच्या नकाशासारखी वाचता यायला लागली. आणि मग डॉक्टरांची गाडी आली.

हाडांचे डॉक्टर, शहरात मोठं नाव, गाडी जेमतेम दोन वर्षांची. पुढचा डावा कोपरा कधी बसायचा, कधी नाही. गुरुनाथशेठांनी पाठवली होती. डॉक्टर स्वतः आले होते आणि गाडीजवळून हलत नव्हते. मामांना एका व्हॉल्व्हकडे जाणारी तार तपासायची होती. त्यासाठी युनिटच्या मोठ्या जोडातल्या नेमक्या एका तारेवर मागून सुई लावून बॅटरीचा करंट द्यायचा, आणि व्हॉल्व्ह ‘टक्’ करतो का ते ऐकायचं. त्या जोडात दोन ओळींत मिळून चाळीसेक तारा. कुठली कितवी, ते पुस्तकातल्या चित्रात. मी खोक्यावर बसून वाचायला सुरुवात केली.

“अरे वा, अण्णा!” डॉक्टर म्हणाले. “इंग्लिश मीडियमची सेक्रेटरी ठेवलीत की! वाचा मॅडम, वाचा, जरा मोठ्यानं. आम्हालाही तुमचं प्रनन्सिएशन ऐकू द्या.”

त्यांनी ते चांगल्या मनानंच म्हटलं असेल. पण माझे कान तापले. मी आवाज खाली आणला, आकडे भराभर सांगितले, वरच्या ओळीत डावीकडून सातवी. चित्राखाली एक लांब ओळ होती, बारीक, तिरक्या अक्षरांत. ती मला दिसली होती. हे इथे स्पष्ट लिहायला हवं... दिसली होती. ती वाचायची म्हणजे डॉक्टरांसमोर आणखी अर्धं मिनिट बोलायचं. मी मोबाइल मांडीवर ठेवला.

मामांनी सातव्या तारेत सुई सरकवली. एरवी ते सुई लावण्याआधी तारेचा रंग पुस्तकाशी ताडून घेत. त्या दिवशी घेतला नाही. करंट दिला. व्हॉल्व्ह वाजला नाही. समोरच्या काचेखाली एकामागून एक पिवळे दिवे लागले आणि डॅशबोर्डच्या आतून जळक्या प्लास्टिकचा बारीकसा वास आला. डॉक्टर तेव्हा फोन घ्यायला रस्त्याकडे गेले होते.

मामा खाली वाकून किती वेळ तरी त्या जोडाकडे बघत राहिले. मग माझ्या मांडीवरचा मोबाइल घेऊन त्यांनी चित्र मोठं केलं आणि नेमकं त्या तिरक्या अक्षरांवर बोट ठेवलं. “हितं काय लिवलंय?”

मोबाइल परत घेऊन मी वाचलं. आधी जसं आहे तसं, मग मराठीत. हे चित्र जोडाच्या समोरच्या तोंडाचं आहे. तारांच्या बाजूनं बघाल तर डावं-उजवं उलट दिसेल. आधीच्या सगळ्या पुस्तकांत चित्रं तारांच्या बाजूनं काढलेली असायची. हे एकच तसं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांनी खाली लिहून ठेवलं होतं. मामा नेहमीप्रमाणे मागून सुई लावत होते. बारा व्होल्ट व्हॉल्व्हच्या तारेत न जाता सेन्सरच्या पाच व्होल्टच्या तारेत गेले आणि तिथून सरळ युनिटच्या पोटात.

मामांनी स्वतःचा पंजा समोर धरला, तळहात बघितला, मग उलटा करून मागची बाजू बघितली. “व्हय की,” ते हळू म्हणाले. “अंगठा हिकडचा तिकडं.”

डॉक्टर परत येताना दिसले. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, “साकू. रडायचं न्हाय आन् कुनाला सांगायचं न्हाय. तू वाचनारी, सुई माझी. तू वाचलंस म्हनून मी रंग बघितला न्हाय, ही माझीच चूक हाय.” आणि मग पुढे होऊन डॉक्टरांना, “साहेब, माझ्या हातनं गेलं. युनिट जळलं. मी दुसरं आनून बसवून देतो.”

डॉक्टर खूप बोलले. मामा मान खाली घालून ऐकत होते. मी तिथेच, तीन पावलांवर, बॅटरीच्या खोक्यावर बसून होते आणि माझ्या हातात ती ओळ अजून उघडी होती.

पुण्याहून जुनं युनिट आलं, ते गाडीशी कॉम्प्युटरनं जुळवून द्यायला माणूस आला, गाडी नीट होऊन गेली. मूळचा दोषही मामांनी शोधून दिला. चाकाच्या कमानीत घासलेली एक तार. त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. अण्णांनी युनिट जाळलं, एवढंच विजापूर रोडपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला बाळ्यापर्यंत पोचलं. गुरुनाथशेठांच्या गाड्या थांबल्या, पाठोपाठ इतरांच्या. लिंबाखाली ट्रॅक्टर, टेम्पो, हॉर्न न वाजणाऱ्या रिक्षा येत राहिल्या. मामा त्यांचीही कामं त्याच निगुतीनं करत, असं मी ऐकून आहे. ऐकून, कारण मी जाणं सोडलं होतं. आधी परीक्षा होती, मग नोकरी, मग शनिवारची कामं. कारणं चांगली होती, सगळी खरी होती.

दिवाळीत भेटले तेव्हा ते म्हणाले होते, “येत जा की, अव्वा. वाचायला मानूस न्हाय.” मी म्हटलं, फोटो पाठवत जा ना मामा, मी लिहून पाठवते. त्यांनी दोन-तीनदा पाठवले. मी रात्री जागून पानावरचं सगळं, अगदी तळटिपा आणि पानाचा आकडासुद्धा, मराठीत टाइप करून पाठवलं. उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र यायचं. एकदा त्यांनी आवाज पाठवला, “पानाचा आकडा कशापायी गं?” आणि मागे हसणं. तो मी अजून परत ऐकलेला नाही. ऐकेन... नंतर.

मागच्या रविवारी मामीकडे गेले. ती शेंगा सोलत बसली होती. मी बाजूला बसले, उठले, पुन्हा बसले, आणि शेवटी सांगून टाकलं. ती चकित झाली नाही.

“म्हाईत हाय मला,” ती म्हणाली. “त्येनी सांगितलं व्हतं. पर तू आता कुटं बोलू नको. गेलेल्या मानसाचं काय बिघडतंय? तुझं लगीन व्हायचंय, तुझं नाव कशाला लावून घेतीस त्यात?”

“लोक म्हणतात त्यांचा हात गेला होता, मामी.”

तिनं सूप खाली ठेवलं. मग माझ्याकडे न बघता, “लोकांचं सोड. त्येंनाबी वाटाया लागलं व्हतं. जेवायला बसलं की ताटावर हात धरायचे आन् मला म्हनायचे, बघ गं, कापतोय का? मी म्हनायची, न्हाय हो. तर म्हनायचे, नीट बघ की.”

म्हणजे ज्याला खरं काय ते पक्कं माहीत होतं, तो माणूस माझ्यासाठी गप्प राहता-राहता स्वतःच्या हातावर संशय घ्यायला लागला होता. मामीनं पुढ्यात चहा ठेवला होता, त्यावर साय आली.

काल शनिवार, ऑफिस अर्धा दिवस. मी बसमधून विजापूर रोडला उतरले. गुरुनाथशेठांच्या वर्कशॉपसमोर दोन फेऱ्या मारल्या, समोरच्या टपरीवर उगाच पाण्याची बाटली घेतली. आत चार-पाच मेकॅनिक एका गाडीखाली आणि तिच्या भोवती होते. शेठ टेबलापाशी उभे होते. मला बघून त्यांना आनंद झाला, “ये ये, ताई! त्या दिवशी हुग्गीची आमटी केलीस माझ्या. बस. चहा सांगू?” मी उभीच राहिले. डॉक्टरांच्या गाडीबद्दल सांगायचं आहे, म्हटलं. “कुठल्या डॉक्टरच्या?” ते म्हणाले, आणि तेवढ्यात मागचा एअर कॉम्प्रेसर धडधडायला लागला. मी ओठ हलवत होते, मला माझाच आवाज येत नव्हता. त्यांनी कानामागे हात धरला. “काय? ऐकू येईना की! जोरात बोल, जोरात!” गाडीखालचा एक जण डोकं बाहेर काढून बघायला लागला, मग दुसरा. सगळे माझ्याकडे बघत होते. माझे कान तापले होते. मी टेबलाची कड धरली.

“डॉक्टरांच्या गाडीचं युनिट माझ्यामुळे जळलं! चित्राखालची ओळ मला दिसली होती आणि मी ती मामांना वाचून दाखवली नाही! त्यांचा हात शेवटपर्यंत चांगला होता!”